मारुतचा अर्धा शंकू आणि 'हे तुला कसं कळलं?'



दिवाळीच्या सुट्टीत महाराष्ट्रात घरोघरी मातीचे किल्ले होतात. आमच्या हिरकणीवाडीतही होतात, पण इथे एक गंमत आहे. शहरातल्या अंगणात केलेल्या रायगडावर महादरवाजा कुठल्याही बाजूला असला तरी खपून जातं. इथल्या मुलांचं तसं नाही. मान वर केली की खरा गड समोर उभा! कुणी हिरकणी बुरूज भलतीकडेच लावला तर शेजारच्या घरातलं पोर लगेच म्हणतं, "ए, बुरूज तिकडं नाय!" केलेली वस्तू खऱ्या वस्तूशी ताडून पाहायची, ही सवय आमच्या मुलांना गडाने आयती दिली आहे.

पण खरी वस्तू डोळ्यांसमोर नसेल तर? ती पन्नास-साठ वर्षांपूर्वीची असेल, मुंबईच्या एखाद्या संग्रहालयात उभी असेल आणि तिच्याबद्दल प्रत्येक जण वेगळंच सांगत असेल, तर ताडून पाहायचं कशाशी? पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी 'जुन्या लढाऊ विमानाची प्रतिकृती' हा उपक्रम याच प्रश्नासाठी आहे. विमान हे निमित्त. मूळ धडा आहे तो 'हे तुला कसं कळलं?' या प्रश्नाचा.

विमान कोणतं निवडावं?

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ विमानांना भारतीय हवाई दलाने निरोप दिला. त्या बातम्या मुलांनी मोबाइलवर पाहिलेल्या असतात, त्यामुळे 'मिगच करू या' असं ती हटकून म्हणतात. मिग आपल्याला जवळचंही आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या नाशिकजवळच्या ओझर कारखान्यात ही विमानं तयार होत होती. तरीही पहिली प्रतिकृती म्हणून मी एचएफ-२४ मारुत सुचवतो. कारणं तीन.

एक, हे भारतात आराखडा होऊन भारतातच तयार झालेलं पहिलं जेट लढाऊ विमान. दोन, त्यातलं एक विमान मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात आहे. शाळांच्या सहली तिथे जातातच, त्यामुळे खरी वस्तू पाहता येते. तीन, या विमानाच्या अंगावर एक कोडं आहे, आणि प्रतिकृती करता करता मुलांना ते स्वतः सापडतं. त्याबद्दल पुढे येईलच.

नावावरूनही वर्गात चांगली चर्चा होते. मारुत म्हणजे वारा. वाऱ्याचा मुलगा तो मारुती. वाडीतलं मारुतीचं देऊळ, रस्त्यावरची मारुती गाडी आणि हे विमान अशी तिन्ही नावं मुलं क्षणात जोडतात. भाषेचा तास इथेच सुरू होतो.

थोडक्यात इतिहास

जर्मन विमान-अभियंता कुर्ट टांक १९५६ मध्ये भारतात आला. दुसऱ्या महायुद्धातलं फोक-वुल्फ १९० हे गाजलेलं विमान त्याचंच. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात त्याने आणि भारतीय अभियंत्यांनी मिळून मारुतचा आराखडा केला. 'एचएफ' म्हणजे हिंदुस्थान फायटर.

यातली एक गोष्ट मुलांना फार आवडते. खरं विमान बनवण्याआधी या मंडळींनीही प्रतिकृतीच केली होती! तीही पूर्ण आकाराची, लाकडाची आणि बिनइंजिनाची. १९५९ मध्ये डाकोटा विमानाला दोर बांधून ती वर नेली, दोर सोडला आणि वैमानिकाने ती तरंगवत खाली आणली. अशी सत्तरहून जास्त उड्डाणं झाली. पंखांचा आकार बरोबर आहे का, सुकाणू नीट चालतं का, हे इंजिन बसवण्याआधीच कळलं. प्रतिकृती म्हणजे फक्त कपाटात ठेवायची शोभेची वस्तू असं ज्यांना वाटतं, त्यांना हे उदाहरण जरूर सांगा. प्रतिकृती हे प्रश्न विचारायचं साधन आहे.

खऱ्या मारुतने १७ जून १९६१ रोजी पहिलं उड्डाण केलं. वैमानिक होते विंग कमांडर सुरंजन दास. १९६७ मध्ये हे विमान हवाई दलाच्या तुकडीत दाखल झालं. प्रशिक्षणाची दोन आसनी विमानं धरून एकूण १४७ तयार झाली. १९७१ च्या युद्धात मारुत राजस्थानच्या आघाडीवर लढलं.

पुराव्याची वही

आता उपक्रमाचा गाभा. कात्री-डिंक हातात घेण्याआधी प्रत्येक गटाने एक वही करायची. इतिहासाच्या पुस्तकात मुलं भौतिक, लिखित आणि मौखिक साधनं शिकतात. परीक्षेत ती लिहितातही. पण ती वापरून पाहायची वेळ सहसा येत नाही. इथे येते. वहीत चार रकाने आखायचे:

१. पाहिलं: खरं विमान किंवा त्याचा खात्रीचा फोटो स्वतः पाहून कळलेलं.
२. वाचलं: पुस्तक, संग्रहालयातली पाटी, छापील आराखडा यातून मिळालेलं. कुठे वाचलं तेही लिहायचं.
३. ऐकलं: कुणी सांगितलं, ते कोण, त्यांनी विमान कधी आणि कुठे पाहिलं होतं.
४. अंदाज: वरच्या तिन्हीत काहीच नाही, पण प्रतिकृतीत काहीतरी करावंच लागणार म्हणून ठरवलेलं.

चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. मुलांना वाटतं की अंदाज लिहिणं म्हणजे कमीपणा. तसं अजिबात नाही, हे पहिल्याच दिवशी ठासून सांगावं लागतं. विमानाच्या पोटाचा रंग कुठेच दिसला नाही, म्हणून फिकट राखाडी धरला, असं लिहिणारा गट हुशार. तोच रंग बिनधास्त 'खरा' म्हणून सांगणारा गट मागे.

तिसऱ्या रकान्यासाठी आपला तालुका भाग्यवान आहे. महाड तालुक्यातलं फौजी आंबवडे हे गाव तर घरटी सैनिक देणारं म्हणून ओळखलं जातं. निवृत्त फौजी आजूबाजूच्या गावांतही भेटतात. त्यांना शाळेत बोलवा. पण मुलांना आधी एक गोष्ट शिकवा: आठवण ऐकताना वाद घालायचा नाही, आणि ऐकलं ते 'पाहिलं'च्या रकान्यात टाकायचं नाही. आजोबा म्हणाले विमान हिरवं होतं आणि फोटोत ते चंदेरी दिसतं, तर दोन्ही लिहायचं. दोघंही बरोबर असू शकतात, कारण हवाई दलाची विमानं वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या रंगांत असतात.

संग्रहालयातलं विमान तरी खरं असतं का?

हा प्रश्न मोठ्यांनाही सुचत नाही. आपण म्हणतो, प्रत्यक्ष पाहिलं म्हणजे संपलं. पण उघड्यावर उभ्या केलेल्या विमानावर दर वर्षी पाऊस पडतो, ऊन लागतं. मग त्याला पुन्हा रंग दिला जातो. तो रंग, ते आकडे मूळचेच असतील असं नाही. काही भाग काढून घेतलेले असतात, काही उघडी भोकं पक्षी शिरू नयेत म्हणून पत्र्याने बंद केलेली असतात. म्हणून नियम असा: आकारासाठी संग्रहालयातल्या विमानावर भरवसा ठेवावा, रंगासाठी आणि आकड्यांसाठी त्याच्या सेवाकाळातले फोटो शोधावेत. आकार सहजासहजी बदलत नाही, रंग बदलतो.

आणि मोबाइलवरचे फोटो? आता यंत्राने तयार केलेली चित्रंही फोटोसारखीच दिसतात. त्यावर मुलांसाठी सोपी चाचणी आहे. एकाच विमानाचे तीन वेगवेगळ्या ठिकाणचे फोटो शेजारी ठेवायचे आणि मोजायचं: हवेची तोंडं किती, मागची नळकांडी किती, चाकं किती. चिन्हाचे रंगही बघायचे. आपल्या हवाई दलाचं गोल चिन्ह बाहेरून केशरी, मध्ये पांढरं आणि आत हिरवं असतं. ज्या चित्रात ते उलटं दिसेल ते चित्र बाजूला काढायचं.

गणिताचा तास: एका मीटरचे दोन सेंटिमीटर

जगभर विमानांच्या प्रतिकृती बहुतेक १:७२ किंवा १:४८ या प्रमाणात करतात. हे आकडे फूट आणि इंचाच्या हिशोबातून आले. १:७२ म्हणजे सहा फुटांचा एक इंच. आपल्या मुलांना मीटर-सेंटिमीटर येतं, म्हणून वर्गासाठी १:५० घ्या. एका मीटरचे दोन सेंटिमीटर, हिशोब तोंडी होतो.

मारुतची लांबी १५.८७ मीटर, पंखांचा विस्तार ९ मीटर, उंची ३.६० मीटर. म्हणजे प्रतिकृतीची लांबी सुमारे ३१.७ सेंटिमीटर, पंख टोकापासून टोकापर्यंत १८ सेंटिमीटर, उंची ७.२ सेंटिमीटर. शेजारी एक पुठ्ठ्याचा विद्यार्थी उभा करायला सांगा. १ मीटर ४० सेंटिमीटर उंचीचा मुलगा २.८ सेंटिमीटरचा होतो. तो विमानाजवळ ठेवला की मुलांना विमानाचा खरा आकार एकदम कळतो. नुसता '१५.८७' वाचून तो कळत नाही.

मग गुणोत्तर. १५.८७ भागिले ९ म्हणजे साधारण १.७६. वरून पाहिलेलं कुठलंही मारुतचं चित्र घ्या, लांबी आणि विस्तार पट्टीने मोजा, भागाकार करा. १.७६ च्या जवळ आला तर चित्र वापरता येईल. १.५ आला तर चित्र कुणीतरी ताणलेलं आहे. फोटोवर मात्र ही पट्टी सरळ चालत नाही. नाकासमोर उभं राहून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि शेपूट बारीक दिसते. म्हणून फोटो लांबून आणि अगदी बाजूने काढलेला हवा. सहलीला जाताना एका मुलाला तेवढंच काम द्या.

दोन पुस्तकांत लांबी वेगवेगळी मिळाली तर घाबरू नये. मिग-२१ च्या बाबतीत हे हमखास होतं. त्याच्या नाकापुढे एक लांब नळी असते. कुणी ती धरून मोजतं, कुणी सोडून. दोन्ही आकडे बरोबर, मोजण्याची सुरुवात वेगळी. 'कुठून कुठपर्यंत?' हे विचारल्याशिवाय कुठलाही आकडा घ्यायचा नाही, हे मुलांच्या अंगवळणी पडलं तर वर्षभर उपयोगी पडतं.

क्षेत्रफळासाठी एक छान कृती आहे. मारुतच्या पंखांचं क्षेत्रफळ २८ चौरस मीटर. १:५० मध्ये लांबी ५० ने भागली, तर क्षेत्रफळ ५० × ५० म्हणजे २,५०० ने भागायचं. उत्तर ११२ चौरस सेंटिमीटर. आता कापलेले पुठ्ठ्याचे पंख आलेखाच्या कागदावर ठेवून चौकोन मोजायला सांगा. मुलांचं उत्तर बरंच कमी येतं आणि ती गोंधळतात. गोंधळू द्या. थोड्या वेळाने सांगा की विमानशास्त्रात पंखांचं क्षेत्रफळ धरताना धडाच्या आड गेलेला मधला भागही साधारणपणे मोजतात. मग ती पंखांच्या रेषा धडातून आरपार वाढवतात, पुन्हा चौकोन मोजतात, आणि उत्तर जवळ येतं. हा आनंद फळ्यावरच्या उदाहरणात नाही मिळत.

तसंच घनफळाचं. ५० × ५० × ५० म्हणजे १,२५,०००. रिकाम्या मारुतचं वजन सुमारे ६,२०० किलो. भागून पाहा, ५० ग्रॅमच्या आसपास येतं. प्रतिकृती दुकानातल्या काट्यावर ठेवून बघा. मुलं चकित होतात की एवढं मोठं लोखंडी धूड, पण आकाराच्या मानाने आपल्या पुठ्ठ्याच्या विमानाइतकंच हलकं! मग विमान ॲल्युमिनियमचं का आणि आतून पोकळ का, हा विज्ञानाचा धडा आपोआप सुरू होतो.

आता ते कोडं: अर्धा शंकू कशासाठी?

मारुत समोरून पाहिलं की वैमानिकाच्या कक्षाच्या दोन्ही बाजूंना हवा आत घेणारी दोन तोंडं दिसतात. प्रत्येक तोंडात धडाला चिकटलेला अर्धा शंकू आहे. मुलं बहुतेक वेळा तो गाळतात, कारण करायला अवघड. तेव्हा विचारायचं: "इतका त्रास घेऊन अभियंत्यांनी तो का बसवला असेल?"

उत्तर असं. जेट इंजिनाला हवा हवी, पण आवाजापेक्षा जास्त वेगाने येणारी हवा सरळ आत शिरली तर इंजिन नीट चालत नाही. तिला आधी मंद करावं लागतं. शंकूच्या टोकापाशी आघातलहर तयार होते, ती ओलांडताना हवेचा वेग कमी होतो आणि दाब वाढतो. मिग-२१ च्या नाकात मधोमध पूर्ण शंकू आहे तो यासाठीच. म्हणजे अर्धा शंकू आपल्याला सांगतो की हे विमान आवाजाच्या बरंच पुढे जाण्यासाठी आखलं होतं. खरोखरच, हवाई दलाची मागणी आवाजाच्या दुप्पट वेगाची होती.

आता वहीतला दुसरा रकाना काढा. मारुतचा समुद्रसपाटीजवळचा कमाल वेग ताशी सुमारे १,१०० किलोमीटर. तिथे आवाजाचा वेग साधारण १,२२५. म्हणजे गाडी आवाजाच्या मागेच राहिली! उंचावर ती जेमतेम आवाजाला गाठायची. शंकू एक सांगतो, आकडा दुसरं सांगतो. दोन पुरावे भांडायला लागले की समजावं, खरी गोष्ट जवळ आली.

गोष्ट इंजिनाची आहे. मारुतसाठी ठरलेलं ब्रिटिश ऑर्फियस इंजिन जास्त ताकदीचं होतं. त्याचं काम ब्रिटनमध्ये थांबलं, पुढच्या विकासाचा खर्च भारताने उचलला नाही, आणि ते इंजिन कधी आलंच नाही. शेवटी त्याच घराण्यातलं लहान ऑर्फियस ७०३ बसवावं लागलं. एका इंजिनाचा रेटा सुमारे २,२०० किलो, तर ठरलेल्या इंजिनाचा सुमारे ३,७०० किलो. मुलांना सांगताना मी म्हणतो, गाडी बांधली दोन भरदार बैलांसाठी आणि जुंपली दोन खोंडं. गाडीत खोट नव्हती. नवीन इंजिनासाठी पुढे बरेच प्रयत्न झाले. अशाच सुधारित मारुतच्या चाचणीत १० जानेवारी १९७० रोजी सुरंजन दास यांचा अपघाती मृत्यू झाला. ज्यांनी हे विमान पहिल्यांदा आकाशात नेलं, तेच.

हे कळल्यावर मुलं शंकू गाळत नाहीत. कागदाचा इवलासा शंकू करून, अर्धा कापून, चिमट्याने चिकटवतात. हा बारकावा शोभेचा राहत नाही. देशाने काय ठरवलं होतं आणि काय राहून गेलं, ते त्या अर्ध्या शंकूत आहे.

शेपटीकडची दोन नळकांडीही अशीच बोलतात. दोन इंजिनं म्हणून दोन नळकांडी. १९७१ मध्ये जमिनीवरून झालेल्या माऱ्यात एक इंजिन निकामी झालेलं मारुत दुसऱ्याच्या जोरावर तळावर परतल्याच्या नोंदी आहेत. दोन इंजिनांचा अर्थ मुलांना यापेक्षा वेगळा समजवावा लागत नाही.

बारकावा किती दाखवायचा?

हौशी मुलं स्केचपेनने विमानभर रेघा आणि रिव्हेटचे ठिपके काढतात. त्यांना हिशोब करायला लावा. १:५० मध्ये एक मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर पाच सेंटिमीटरची फट! अशा फटी असलेलं विमान उडेल का? नाकाजवळ दोन्ही बाजूंना दोन-दोन तोफा आहेत, ३० मिलिमीटर व्यासाच्या. त्यांचं भोक प्रतिकृतीत ०.६ मिलिमीटरचं होतं. म्हणजे दाभण नको, शिवणाची सुई पुरे. जे प्रमाणात दाखवता येत नाही ते न दाखवणं हाही खरेपणाच आहे.

करायचं कसं?

महागडा संच विकत आणायची गरज नाही. थर्माकोलही नको. जुने खोके, वहीचे पुठ्ठे, रद्दी आणि खळ पुरते.

– आलेखाच्या कागदावर तीन चित्रं काढा: बाजूने, वरून, समोरून. तिन्हींत मापं जुळली पाहिजेत.
– बाजूच्या चित्राप्रमाणे पुठ्ठ्याचा कणा कापा.
– कण्यावर दर दोन सेंटिमीटरला, म्हणजे खऱ्या विमानाच्या दर मीटरला, धडाचा आडवा छेद कसा असेल ते ठरवून चकत्या कापा आणि खाचेत बसवा. माशाच्या काट्यासारखा सांगाडा तयार होतो.
– पंख धडाच्या खालच्या अंगाला आणि मागे झुकलेले. कोन वरच्या चित्रावरून कोनमापकाने मोजा.
– सांगाड्यावर रद्दीच्या पट्ट्या खळीने चिकटवा. दोन थर पुरे. पावसाळी हवेत सुकायला तीन-चार दिवस लागतात, चुलीजवळ ठेवायची घाई नको, वाकतं.
– रंग सर्वांत शेवटी, आणि प्रत्येक रंगासमोर वहीत रकान्याचा क्रमांक.

पालकांनी मदत करावी, पण विमान स्वतः करून देऊ नये. मुलाचं वेडंवाकडं विमान आणि भरलेली वही आम्हाला चालते. बाबांनी केलेलं देखणं विमान आणि कोरी वही चालत नाही.

लढाऊ विमानच कशाला?

हा प्रश्न काही पालक विचारतात आणि तो योग्य आहे. हे खेळणं नाही, माणसं मारणारं यंत्र आहे. ते मुलांपासून लपवू नये. उलट त्याचमुळे खरेपणा जास्त लागतो. एक उदाहरण देतो. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने तिथल्या शाळकरी मुलांकडून १:७२ प्रमाणातल्या पाच लाख विमान-प्रतिकृती मागवल्या होत्या. सैनिकांना आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं हे नुसत्या आकारावरून ओळखायला शिकवण्यासाठी. म्हणून त्या काळ्या रंगवायच्या होत्या आणि मापात चुकलेली प्रतिकृती नापास होत होती. पंखांचा कोन चुकला तर कुणीतरी आपल्याच माणसावर गोळी झाडली असती. माप बरोबर असणं ही तिथे जिवाची बाब होती.

आपल्या वर्गात जिवावर बेतत नाही, पण काहीतरी पणाला लागलेलं असतंच. रोपवेचा खालचा थांबा आमच्या वाडीत आहे. गड पाहायला रोज माणसं येतात आणि मुलांना विचारतात, "हिरकणीची गोष्ट खरी का रे?" यातली काही मुलं उद्या वाटाडे होतील, माहिती सांगून पोट भरतील. त्यांनी गोष्ट टाकून द्यावी असं मुळीच म्हणणं नाही. कोजागिरीच्या रात्री तान्ह्या बाळासाठी कडा उतरलेली गवळण हे या वाडीचं नावच आहे. पण "बुरूज हा, डोळ्यांनी बघा, गोष्ट पिढ्यान् पिढ्या अशी सांगतात, आणि एवढा माझा अंदाज," असं तीन वेगळ्या वाक्यांत सांगणारा वाटाडा पाहुण्याला जास्त विश्वासाचा वाटेल. ती तीन वाक्यं वेगळी करायला पुराव्याच्या वहीतच शिकता येतं.

मूल्यमापनासाठी एक सूचना

प्रदर्शनात प्रतिकृतीला वेगळे गुण देऊ नका. गटातलं एक मूल विमानाशेजारी बसवा. येणाऱ्याने विमानाच्या कुठल्याही भागावर बोट ठेवायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: "हे असं आहे, हे तुला कसं कळलं?" मुलाने वही उघडून रकाना दाखवला की त्या भागाचा गुण मिळाला. 'अंदाज' दाखवला तरी पूर्ण गुण. दहा भाग, दहा गुण.

ज्यांना मुंबई जवळ नाही त्यांनी आपल्या भागातली एखादी खरी वस्तू घ्यावी: चौकात ठेवलेली तोफ, जुना रणगाडा, बंदरातली जुनी होडी, गिरणीतलं इंजिन. एक जुनं मारुत तर जर्मनीत म्युनिकजवळच्या ओबरश्लाइसहाइमच्या विमान संग्रहालयातही आहे. परदेशात राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाने तिथे जाऊन अगदी बाजूने, लांबून एक फोटो काढून पाठवला, तर आपल्या वर्गाच्या 'पाहिलं'च्या रकान्यात कायमची भर पडेल. करून पाहा, आणि मुलांनी 'अंदाज'च्या रकान्यात काय काय लिहिलं ते आम्हाला जरूर कळवा.